त्याचा 'व्हय म्हाराजा'

मला माणूस आधी कानाने आवडतो. बघायला आलेल्या मुलांपैकी निम्म्यांना मी नुसत्या आवाजावरून नकार दिलाय. एकाला बोरिवलीत स्वतःचा फ्लॅट, नोकरी पक्की, नाकीडोळी नीटस. पण तोंड उघडलं आणि कुकरची शिट्टी. आई करवादली, "जळला मेला तो आवाज! आवाजाशी संसार करणार आहेस का तू?" मी म्हटलं, हो, करणार आहे.

खोड बाबांनी लावली. मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत दीड दिवसाचा गणपती बसतो. आरती झाली की बाबा गाऱ्हाणं घालतात. म्हणजे सगळ्या घरादाराच्या वतीने देवाकडे मागणं मागतात, खड्या आवाजात आणि मालवणीत. त्यांनी एकेक मागणं मागायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला एका सुरात "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. एरवी बाबा विमा कंपनीतून निवृत्त झालेले साधे कारकून, साहेबापुढे जन्मभर मान खाली. पण गाऱ्हाण्याला उभे राहिले की पोटातून असा काही आवाज काढायचे की फळीवरची भांडी थरथरायची. लहानपणी मला वाटायचं, देव या आवाजाला घाबरूनच पावत असणार.

तसा आवाज दुसऱ्यांदा ऐकला तो माझ्या पवईच्या ऑफिसात, हेल्पलाइनच्या फोनवर. समोरच्या इमारतीतल्या कंपनीतून कुणीतरी इंग्रजीत विचारत होता की लॉगिन का होत नाहीये. दोन मिनिटांचं काम होतं. मी मुद्दाम लांबवलं. त्याला नाव विचारलं, परत विचारलं, थांबायला सांगितलं आणि तो थांबलेला असताना त्याचा श्वास ऐकत बसले. आठवड्याभरात आम्ही खाली चहाच्या टपरीवर भेटलो. उंच, काळाभोर, टांझानियाचा. पवईलाच शिकायला आला होता आणि इथेच नोकरीला चिकटला होता.

ऑफिसातली माझी मैत्रीण म्हणाली, "अगं यार, त्या लोकांचे आवाज असेच असतात. आणि नुसते आवाजच नाही हां!" आणि डोळा मारला. मी हसले. मला तेव्हा ते कौतुक वाटलं.

त्याला मात्र हे सगळं पाठ होतं. इथे भेटलेल्या प्रत्येकाने त्याला गाणं म्हणायला सांगितलं होतं, आणि त्याला एक ओळ सुरात येत नव्हती. नाचतोस का, पळतोस किती, माल मिळेल का, हे तर रोजचंच. घाटकोपरला खोली बघायला गेलो तेव्हा एजंट फोनवर 'सर, सर' करत होता, आवाजानेच गार झाला होता मेला. गेटवर तोंड बघितलं आणि म्हणाला, "सोसायटीत चालत नाही मॅडम, समजून घ्या ना." परत येताना रिक्षात त्याने मला विचारलं, "माझा आवाज बारीक असता, तर तू आली असतीस भेटायला?" मी म्हटलं, काहीतरी मूर्खासारखं विचारू नकोस. त्याने पुन्हा विचारलं नाही.

घरी सांगितलं तेव्हा आईने कपाळावर हात मारला. काका म्हणाले, "हबशी? अख्ख्या मुंबईत तुका दुसरो गावलो नाय?" आता आमच्या घराण्याचा रंग सांगते. तव्याच्या बुडाला शोभेल असा. माझ्या जन्मापासून आई मला डाळीचं पीठ आणि हळद चोळत आली, शेवटी ती दमली, रंग नाही दमला. त्याच घरात बसून हे लोक त्याच्या रंगावर बोलत होते. आपला तो बाब्या!  बाबा मात्र दोन दिवसांनी एवढंच म्हणाले, "गणपतीक आण त्याका. देवासमोर काय तां ठरवूया."

मला वाटलं, जिंकलं. बाबांनी हो म्हटलं की आई, काका, सगळे गप्प. आणि बाबांना जिंकायचा रस्ता मला ठाऊक होता. आमच्यात आता गाऱ्हाण्याला मोठ्याने ओ देणारं कुणी उरलेलं नाही. पोरं मोबाईलमध्ये बघत पुटपुटतात, आणि बाबा त्यावरून दरवर्षी चिडतात. याचा तो आवाज त्या खोलीत घुमला, की बाबा विरघळणार याची मला खात्रीच होती.

पवईच्या तलावाकाठी मी त्याला 'व्हय म्हाराजा' शिकवलं. 'म्हा' लांबव, 'जा' तोडून टाक. चालायला आलेले म्हातारे वळूनवळून बघत होते. त्याने विचारलं, "पण मी हो कशाला म्हणायचं?"

"बाबा जे मागतील त्याला. सगळ्यांचं भलं कर, एवढंच असतं रे."

"आणि मला कळलं नाही तर?"

"आम्हाला तरी कुठे कळतं? ऐकत कोण बसतंय? बाबा थांबले, की म्हणायचं."

तो आला तेव्हा घर भरलेलं होतं. पांढरा झब्बा घालून आला होता, मीच घेऊन दिला होता. आईने मोदक वाढला, पण ताट त्याच्या हातात न देता खाली ठेवलं. काकांची सून पोराला म्हणाली, "बघ, मस्ती केलीस तर हा काका घेऊन जाईल." पोरगं रडायला लागलं आणि सगळे हसले. तोही हसला. माझ्या चुलतभावाने मोबाईल काढून शूटिंग सुरू केलं. मी सगळं गिळलं. डोळ्यांसमोर फक्त गाऱ्हाणं होतं.

आरती झाली. बाबा उभे राहिले.

"बा गणपती म्हाराजा, आज ही जी काय वेडीवाकडी सेवा केलेली हा, ती मानून घी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

त्याचा आवाज सगळ्यांच्या वर गेला. पोरांनी चमकून माना वर केल्या. बाबांनी त्याच्याकडे बघितलं आणि, खोटं कशाला सांगू, त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.  पोराबाळांक सुखी ठेव. व्हय म्हाराजा. चाकरमान्यांच्या नोकरीधंद्याक बरकत दी. व्हय म्हाराजा. दर वेळी तो आणखी मोकळा होत होता, आणि दर वेळी माझ्याकडे बघत होता, बरोबर ना, असं विचारत. मी मान हलवत होते.

मग बाबांनी डोळे मिटले.

"आणि म्हाराजा, आमच्या घरात जी काळी इडापिडा शिरली हा, तिचो बंदोबस्त कर! जयसून इली थय, सातासमुद्रापार तिका धाडून दी, आणि माझ्या चेडवाक, माझ्या लेकीक, तिच्या तावडीतसून सोडय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांनी म्हटलं. आईने म्हटलं. तो तर मनापासून म्हणाला, 'म्हा' लांबवून, 'जा' तोडून. आणि सवयीने, जन्माच्या सवयीने, माझ्याही तोंडून निघालं. शब्द कानात शिरेपर्यंत माझं म्हणून झालं होतं. काका पहिले हसले. मग खोलीत हशा फुटला. चुलतभाऊ मोबाईल हलू नये म्हणून ओठ चावत होता. बाबा हसले नाहीत. त्यांनी शांतपणे देवाला हात जोडले आणि प्रसादाची वाटी उचलली. देवासमोर ठरवूया म्हणाले होते. ठरवलं होतं त्यांनी.

माझं टाळकं सरकलं. मी भावाच्या हातावर फटका मारला, मोबाईल खाली पडला. देवासमोर उभी राहिले आणि बाबांच्याच थाटात ओरडले, "बा गणपती म्हाराजा! ज्या घरात तुझ्यासमोर बसान पावण्याची थट्टा करतत, त्या घरात माका परत पाय ठेवूक लावू नको रे म्हाराजा!"

आणि थांबले. गाऱ्हाण्यात थांबतात तशी.

कुणी ओ दिली नाही. आई पदराने डोळे पुसत होती, काका खिडकीतून बाहेर बघत होते. मी त्याच्याकडे बघितलं. बाबा, तुमचा आवाज मोठा, पण माझ्याकडे याचा आवाज आहे, असंच मनात होतं माझ्या. तो खाली वाकून चपला शोधत होता. 

रिक्षात मी त्याला बाबा काय म्हणाले ते सांगायला लागले. त्याने हात वर केला. "'काळी' एवढं मला कळतं," तो म्हणाला. "या शहरात आल्यावर मी पहिला शब्द तोच शिकलो."

"मग हो का म्हणालास?"

"तू शिकवलं होतंस. बाबा थांबले की म्हणायचं." मग म्हणाला, "तू तर भाषा जाणतेस. तूही म्हणालीस."

 त्या आवाजात मी ऐकलेलं ते शेवटचं वाक्य.

त्यानंतर तो फोन उचलेना. मेसेज मात्र करायचा, व्यवस्थित, सभ्य. जेवलीस का, राहायची सोय झाली का. मी अंधेरीला पेइंग गेस्ट म्हणून राहायला गेले होते. मी लिहिलं, एकदा बोल ना. उत्तर आलं, लिहितोय की. मी लिहिलं, निदान एक व्हॉइस नोट पाठव, कसलीही, शिव्या दे वाटल्यास. तासाभराने उत्तर आलं. 'मग घाटकोपरहून येताना मी बरोबर विचारलं होतं ना, रिक्षात?' महिन्याभराने त्याने परदेशातली नोकरी घेतली. तेही मेसेजनेच कळलं. बाबांचं गाऱ्हाणं पावलं, समुद्र ओलांडून गेला तो.

त्याचा आवाज मी कधी रेकॉर्ड केला नव्हता. रोज ऐकू येणारी गोष्ट कोण साठवून ठेवतं? पण भावाचा मोबाईल फुटला नव्हता. तो व्हिडिओ त्याने घरच्या ग्रुपवर टाकला, खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. माझं गाऱ्हाणं त्यात नाही, त्याआधीच संपतो तो. मी ग्रुप सोडला, पण सोडण्याआधी व्हिडिओ उतरवून घेतला. कानात इअरफोन घालून ऐकते. बाबा त्याला घालवून द्यायला सांगतात, आणि सगळ्यांच्या वर, मी शिकवलं अगदी तसंच, तो हो म्हणतो. नीट ऐकलं तर त्याच्या खाली माझाही आवाज ऐकू येतो.