एका बुडबुड्याच्या भरवशावर

आधी मला वाटायचं, चष्म्याची काचच खराब झाली असावी. सकाळी उठले की सगळं घर धुरकट दिसायचं. मी गाऊनच्या टोकानं काच पुसायचे, चष्मा पुन्हा लावायचे, पुन्हा तेच. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते धुकं आपोआप विरायचं आणि मी विसरून जायचे. मग ते दुपारी विरेनासं झालं. संध्याकाळी घरी येताना समोरच्या गाड्यांचे दिवे फुटलेल्या काचेसारखे पसरायला लागले, तेव्हा मात्र मी घाबरले. आम्ही तेव्हा न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला राहत होतो. हे रोज गाडीनं न्यूयॉर्कला नोकरीला जायचे आणि मी घराजवळच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत औषधांच्या चाचण्यांचं काम करायचे. ही गोष्ट २००५ च्या आसपासची. पन्नाशी नुकतीच उलटली होती. गाडी चालवणं मी बंद केलं आणि प्रयोगशाळेतलं बारीक काम हळूच एका सहकाऱ्याकडे सरकवलं. घरात मात्र कोणाला धड सांगितलं नाही.

डॉक्टरांनी नाव सांगितलं, कागदावर चित्र काढून समजावलं. बुबुळावर जो पारदर्शक पडदा असतो, कॉर्निया, त्याच्या आतल्या बाजूला पेशींचा एक पातळ थर असतो. पडद्यात साचणारं पाणी बाहेर काढून टाकणं हे त्या पेशींचं काम. माझ्या पेशी मरत चालल्या होत्या. रात्रभर डोळे मिटलेले, त्यामुळे पाणी सुकायला वाव नाही, म्हणून सकाळी धुकं जास्त. खरा इलाज शस्त्रक्रियेचाच, आणि तोपर्यंत उपाय काय, तर हेअर ड्रायर हातभर लांब धरून डोळ्यांवर हलकी हवा सोडायची. रोज सकाळी मी आरशासमोर तशी उभी राहायचे. "केस सोडून डोळे वाळवणारी पहिलीच बाई पाहतोय मी," हे म्हणायचे. मी हसायचे, पण आत काहीतरी तुटायचं.

आमची कुलदेवता माहूरची रेणुका. सासूबाईंनी नागपूरहून निघताना दिलेला देवीचा फोटो आमच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात होता. नुसता मुखवटा, शेंदूर आणि ते मोठे डोळे. सकाळी अंघोळ झाली की दिवा लावून स्तोत्र म्हणायचं, हा माझा पंचवीस वर्षांचा नेम. आता पोथीतली अक्षरं दिसत नव्हती आणि दिव्याच्या ज्योतीकडे पाहिलं की डोळ्यांत सुया टोचल्यासारखं व्हायचं. एके दिवशी मी काडी पेटवली आणि तशीच विझवली. "आई, तुझे डोळे एवढे मोठे," मी मोठ्यानं म्हटलं, "आणि तुला माझे दिसत नाहीत?" त्यानंतर बरेच दिवस मी नुसता नमस्कार करून कामाला लागत होते. नमस्कारसुद्धा रागानंच.

शेवटी फिलाडेल्फियाच्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये नाव लागलं. तिथे या आजारावरच्या नव्या शस्त्रक्रियेचा अभ्यास चालू होता. जुन्या पद्धतीत अख्खा कॉर्निया कापून दुसऱ्याचा बसवायचे, त्याला बारीक टाके घालायचे आणि नजर स्थिरावायला वर्ष-दीड वर्ष जायचं. नव्या पद्धतीत फक्त आतला पातळ थर बदलायचा. तो टाक्यांनी शिवायचा नाही. डोळ्यात हवेचा एक बुडबुडा सोडायचा, तो त्या थराला वर दाबून धरतो आणि थर आपोआप चिकटतो. पेशंटनं एवढंच करायचं, तोंड वर करून सपाट पडून राहायचं. माझं सगळं आयुष्य औषधांच्या चाचण्यांचे आकडे तपासण्यात गेलेलं. मी डॉक्टरांना प्रश्नांवर प्रश्न विचारले. किती जणांचा थर निसटला, किती जणांना परत करावं लागलं. डॉक्टर तरुण होत्या, शांत होत्या. "हे शोधण्यासाठीच तर हा अभ्यास आहे," त्या म्हणाल्या. मी सही केली, पण मनात आलं, बुडबुडा? डोळ्यासारखी गोष्ट बुडबुड्यावर सोडायची?

आधी एका डोळ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली आणि त्याच आठवड्यात नागपूरला सासूबाई पडल्या. मांडीचं हाड मोडलं. ह्यांना जावंच लागलं. मुलगा तिकडे कॅलिफोर्नियात शिकत होता, त्याची परीक्षा. हे फोनवर म्हणाले, "तू कॅन्सल करून टाक. मी आलो की बघू." मी म्हटलं, "अहो, पुन्हा नंबर कधी लागेल सांगता येत नाही. शुभदा येणार आहे माझ्याबरोबर." शुभदा माझी मैत्रीण, आमच्याच कॉलनीतली. तिनं सुट्टी टाकली, पहाटे मला उठवून हेअर ड्रायर हातात दिला आणि तासभर गाडी चालवून हॉस्पिटलात आणलं. मला आत घ्यायच्या थोडं आधी तिचा फोन वाजला. मुलीच्या शाळेतून. मुलीच्या पोटात असह्य दुखत होतं, अपेंडिक्सची शंका होती, तिला इमर्जन्सीत नेत होते. शुभदाचा नवरा टूरवर. ती माझ्याकडे बघत नुसती उभी राहिली. "अगं, जा," मी म्हटलं. "तू काय विचार करतेयस? जा!"

ती गेली आणि मग नर्सनं विचारलं, "तुम्हाला घरी कोण नेणार?" नियम साधा होता. बरोबर मोठं माणूस नसेल तर शस्त्रक्रिया होणार नाही. कामाचा दिवस होता. मी ओळखीच्या चार घरी फोन लावले, सगळीकडे आन्सरिंग मशीन. नर्स हळुवारपणे म्हणाली की दात्याकडून आलेला तो थर त्या सकाळी माझ्यासाठी तयार केला होता. मी नसेन तर तो दुसऱ्या कोणाला तरी द्यावा लागेल. हॉस्पिटलचा गाऊन घालून, डोक्याला कागदी टोपी लावून मी पडद्याआड पलंगावर बसले होते. प्रार्थना सुचली नाही. खरं सांगायचं तर मी देवीला म्हटलं, बघ, झालं तुझ्या मनासारखं.

तेवढ्यात शेजारच्या पडद्यामागून एक खणखणीत आवाज आला. "हनी, तू राहतेस कुठे?" पडदा सरकला. सत्तरीच्या पुढची एक बाई, अंगात लाल कोट. तिच्या मागच्या पलंगावर तशीच दुसरी एक बाई बूट चढवत होती. थोरली रोझ, धाकटी अँजी. दोघी बहिणी, दोघींचे नवरे गेलेले, ट्रेंटनजवळ हॅमिल्टनला एकत्र राहायच्या. म्हणजे माझ्या घरापासून पंधरा-वीस मिनिटांवर. अँजीला माझाच आजार होता, तीही याच अभ्यासात होती आणि त्या दिवशी तिचीही शस्त्रक्रिया व्हायची होती. पण सकाळी तिचं ब्लडप्रेशर इतकं चढलं की डॉक्टरांनी तिला परत पाठवलं. "आमच्याकडे गाडी आहे आणि अख्खा दिवस मोकळा झालाय," रोझ म्हणाली. "तो वाया कशाला घालवायचा?"

नर्सनं मला विचारलं, "तुम्ही यांना ओळखता?"

माझ्याआधी रोझच बोलली, "हो तर. आत्ताच ओळख झाली. ओळख किती जुनी पाहिजे असं नियमात आहे का?"

नर्स हसली. अँजी मात्र हसत नव्हती. तिच्या हातातून तिची पाळी गेली होती आणि माझी तिच्या डोळ्यांदेखत येत होती. ती उठली, माझ्याजवळ आली आणि माझ्या कागदी टोपीतून बाहेर आलेले केस तिनं आत खोचले. "घाबरू नको," म्हणाली. "मी घाबरले आणि बघ काय झालं."

शस्त्रक्रियेत मी जागी होते. दुखलं नाही. पाण्याखालून दिसावा तसा प्रकाश आणि त्यात हलणाऱ्या सावल्या. मग डॉक्टरांचा आवाज आला, "आता हवा सोडतेय. यापुढचं काम माझंही नाही आणि तुमचंही नाही. फक्त पडून राहा." मी स्तोत्र म्हणायला सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीलाच अडले. पंचवीस वर्षांचं पाठ, पण शब्दच आठवेना. मग नुसतं "आई, आई" एवढंच राहिलं.

घरी जाताना मला मागच्या सीटवर आडवं केलं. पाय दुमडलेले, डोळ्यावर प्लास्टिकची झाकणी, अंगावर रोझचा लाल कोट. रोझ गाडी चालवत होती. मला गाडीच्या छताशिवाय काही दिसत नव्हतं, तरी माझी टकळी सुरू. आता उजवीकडे वळलात ना? पुढे पूल लागेल. तिथे लेन बदला. दोन-तीनदा तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे बघ, तू छताकडे बघ. रस्त्याकडे मी बघते." मी छताकडे बघू लागले. पुढच्या सीटवर अँजी जपमाळ घेऊन पुटपुटत होती. तिची माळ आणि माझं "आई, आई" कधी एका लयीत आलं ते कळलं नाही. लग्नानंतर, मूल झाल्यानंतर, या देशात आल्यानंतर मी एक क्षणही रस्त्यावरची नजर काढली नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदा काढली. गाडी चाललीच होती.

मला एकटीला सोडून जायला त्या तयार होईनात. कोचावर मला सपाट झोपवून रोझनं आमच्या फ्रिजमधली अंडी शोधली, मसाल्याचा डबा उघडून सगळं हुंगून पाहिलं आणि कसलं तरी चविष्ट ऑम्लेट करून मला घास घास भरवलं. अँजी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात रेंगाळली होती. "ही कोण?" तिनं तिथून विचारलं.

"आमची देवी," मी छताकडे बघत म्हटलं. "आमच्या घराण्याची आई."

ती बराच वेळ फोटोच्या अगदी जवळ चेहरा नेऊन उभी असावी, कारण तिलाही माझ्यासारखंच धूसर दिसत होतं. मग म्हणाली, "काय डोळे आहेत! हिच्या नजरेतून काही सुटत नसणार." गळ्यातलं एक पदक काढून तिनं देवीसमोर ठेवलं. डोळ्यांची राखण करणारी ख्रिस्ती लोकांची एक संत आहे, तिचं पदक. "आजची रात्र दोघींना मिळून बघू दे," ती म्हणाली. माझ्या उघड्या डोळ्यातून पाणी आलं आणि रोझ तिच्यावर ओरडली, "तिला रडवू नको गं, बुडबुडा फुटेल!"

दुसऱ्या दिवशी तपासणीला नेणाऱ्याही त्याच. डॉक्टरांनी यंत्रातून पाहिलं. थराची एक कड सुटली होती. मागे पाणी शिरलं होतं. पुन्हा हवा सोडावी लागणार होती. मीच विचारलेला प्रश्न माझ्यावर उलटला होता. आता परत विचारायला हवं होतं, दुसऱ्यांदा किती जणांचं टिकतं? ओठांवर आलंही. पण मी म्हटलं, "सोडा," आणि आडवी झाले. हे धैर्य नव्हतं. माझ्याकडे धरून ठेवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. या वेळी पडून असताना मी देवीकडे काही मागितलं नाही. राहो किंवा जावो, मी तुझ्याजवळच आहे, एवढंच मनात होतं, आणि इतकं शांत मला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं.

ती कड चिकटली. हे परत येईपर्यंत झाकणी निघाली होती. काही आठवड्यांनी एका सकाळी मी उठले, चष्मा शोधायच्या आधीच समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे दिसले. मी ह्यांना हलवून उठवलं आणि सगळा महिना वाचून दाखवला. शुभदाच्या मुलीचं अपेंडिक्स वेळेवर काढलं गेलं होतं. थोडा उशीर झाला असता तर फुटलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. त्या सकाळी शुभदा गेली नसती तर, आणि अँजीचं ब्लडप्रेशर चढलं नसतं तर. मी हे धागे जुळवत बसत नाही. मी शास्त्राची माणूस आहे. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं. मी फक्त जे घडलं ते सांगते.

मात्र एक गोष्ट माझ्यात बदलली. कामावर माझ्यासमोर पेशंट नेहमी नंबर म्हणून येत. नाव नाही, चेहरा नाही, रकाने फक्त. आता मीही कोणाच्या तरी रकान्यातला एक नंबर होते. आणि त्या नंबरामागे एक लाल कोट होता, एक ऑम्लेट होतं, पोटच्या मुलीसाठी धावत गेलेली मैत्रीण होती. आणि त्याहून मागे कोणीतरी अनोळखी, ज्याच्या घरी माझ्या शस्त्रक्रियेच्या आधीच्या दिवसांत रडारड झाली असेल आणि त्या रडण्यातही ज्यांनी डोळे द्यायला हो म्हटलं. त्यांचं नाव मला कधीच कळणार नाही. रोज दिवा लावताना पहिला नमस्कार मी त्यांना करते, मग देवीला. देवीला ते चालत असावं.

वसंतात अँजीची पाळी पुन्हा आली. या वेळी मी गाडी चालवली, रोझ शेजारी बसली आणि तिनं सगळ्या रस्त्यात मला कुठे वळायचं ते सांगितलं. अँजीच्या ब्लडप्रेशरसाठी हे महिनाभर फोनवरून तिला मीठ कमी खायला सांगत होते, आणि त्याचं श्रेय त्यांनी पुढे कित्येक वर्षं घेतलं. आम्ही दोघी बाहेर बसून राहिलो. रोझ दर दोन मिनिटांनी उठून दारापर्यंत जाऊन येत होती. त्या दिवशी ज्या बाईनं जराही न डगमगता मला उचलून घरी नेलं, तिला आतून किती भीती वाटत असेल ते मला तेव्हा समजलं. मग डॉक्टर बाहेर आल्या. सगळं नीट झालं होतं. अँजी सपाट पडून होती, फक्त तिचं बोलणं थांबत नव्हतं.

रोझ खुर्चीवर मटकन बसली. मला काय झालं कोणास ठाऊक, मी सरळ उठले, वाकले आणि त्या गजबजलेल्या वेटिंग रूममध्ये तिच्या पायांना हात लावून नमस्कार केला.

"काय पडलं, हनी?" म्हणत तीही वाकली आणि माझ्याबरोबर फरशीवर शोधायला लागली.