रुमालाखालचा हात

रावबहादूर दाजीसाहेब गेले, ही बातमी मला अकोल्याच्या कापूसबाजारात कळली. सवयीने मी अजून तिथे जाऊन बसतो. लिलाव चालू होता. पुकारणाऱ्याने क्षणभर पागोटे उतरवले, पुन्हा डोक्यावर चढवले आणि पुढचा भाव पुकारला. दाजींना ते आवडले असते. मला मात्र राग आला... महिना होत आला, तरी तो राग पुरता गेलेला नाही.

मोठे पेढीवाले, सरकारातून पदवी मिळालेले, प्रांताच्या कमिटीवर बसणारे दाजी सगळ्यांना ठाऊक आहेत. माझे दाजी त्याच्या कितीतरी आधीचे. अमेरिकेत लढाई पेटली, विलायतेला तिकडचा कापूस मिळेना आणि लक्ष्मी वऱ्हाडावर अशी भाळली की अमरावतीत लोक बैलांच्या शिंगांना चांदी मढवू लागले. दाजी तेव्हा वडिलांच्या पेढीसाठी कापूस घेत आणि मी दलाल. भाव तोंडाने बोलायचा नाही, ही बाजाराची रीत. हातांवर रुमाल टाकायचा आणि त्याखाली एकमेकांची बोटे धरून भाव ठरवायचा. ठरला की दाजी माझी अख्खी मूठ दाबत. म्हणजे पक्का. दिवसभर आम्ही असे बोलत असू. तोंडाने बोलायचे ते फक्त जेवणाबद्दल.

एकदा अंजनगावचा एक शेतकरी गाड्या घेऊन आला. आमचे हात रुमालाखाली असताना त्याने सरळ रुमालच उचलला. म्हणाला, "माल माहा हाये नं? मंग भाव मलेच कावून नाई सांगत?" सारा बाजार हसला, मीही हसलो. दाजी हसले नाहीत. त्या दिवशी जेवायलाही आले नाहीत.

पुढे लढाई थांबली, भाव कोसळले, शिंगांवरची चांदी मोडीत गेली. दाजींची पेढी मात्र तगली, वाढली. उतारवयात कमिटीवर बसून त्यांनी एकच गोष्ट लावून धरली... सौदा उघड, सगळ्यांदेखत. तसा कायदा झाला. रुमालाखालच्या बोटांवर माझे घर चालत होते. लिलावात मला कोण विचारतो? मी तणतणत गेलो, तर म्हणाले, "नाना, तुले राग येईन हे मले मालूम होतं. पण त्या माणसाले जवाब द्याचा राह्यला होता." मी तसाच उठलो आणि अकोल्याला मुलाकडे येऊन राहिलो. दाजी चुकले, असे मी आजही म्हणतो.

अर्धांगाने त्यांची वाचा गेल्याचे कळले, तेव्हा मात्र राहवेना. बडनेऱ्याला उतरलो, टांगा करून अमरावतीला त्यांच्या घरी गेलो. उशाशी बसलो. दाजींनी चालत्या हाताने अंगावरचे उपरणे ओढले, माझ्या हातावर टाकले आणि त्याखाली माझी बोटे चाचपू लागले. धरत, सोडत, पुन्हा धरत... मी बराच वेळ हात तसाच ठेवला. मग आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांची मूठ दाबली.

"काय म्हणाले मामंजी?" त्यांच्या सूनबाईंनी विचारले.

"सौद्यातलं बाहेर सांगत नाई, बाई."

ते उपरणे आता माझ्याकडे आहे. बाजारात ते मांडीवर घेऊन बसतो. समोर भाव मोठ्याने पुकारले जात असतात आणि माझा हात त्याखाली असतो.