पुढच्याने बोलायचं

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या ह्या माणसाला त्याच्या कंपनीत सगळे मौनी म्हणायचे, आणि त्यात कौतुक कमी, वैताग जास्त होता. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली माणसं आतून हाका मारायची, "अहो, वर कोणी आहे का?" आणि हा मशीनच्या खोलीत मुकाट्याने पाना फिरवत असायचा. अरे बाबा, नुसतं "आहे" म्हण, तेवढ्याने त्यांचा जीव भांड्यात पडेल. पण नाही. लग्नाला वीस वर्षं झाली तरी बायकोला त्याचा राग कळायचा तो ताट सरकवण्याच्या आवाजावरून.

डोळे आणि कान मात्र तिखट. लिफ्टच्या दोरातली एक बारीक तार सुटली तरी त्याला कळायचं, आणि कळलं की तारीख-वेळेसकट नोंदवहीत उतरायचं. बावीस वर्षांत त्याच्या नजरेतून एक बिघाड सुटला नाही. एकच त्याने पाहिला आणि नोंदवला नाही, कुठेच नाही. तो लिफ्टचा नव्हता. तो त्याच्या दादाचा होता.

दादा त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले तेव्हा हा दहा वर्षांचा होता. दादाने शिक्षण सोडलं, कारखान्यात लेथवर टर्नर म्हणून लागला आणि ह्याला वाढवलं. बूट घेतले, मारलं, शिकवलं, सगळं त्यानेच. स्वभावाने धाकट्याच्या अगदी उलट, बोलायला लागला की समोरच्याचा चहा गार व्हायचा. आणि सायकलचं वेड. क्लबच्या लांब पल्ल्याच्या राइड असत, दोनशे, तीनशे, चारशे किलोमीटरच्या. वाटेत ठरलेल्या टेबलांवर कार्डावर शिक्का घ्यायचा, वेळ टळली की शिक्का नाही, आणि मध्ये कोणाची मदत घ्यायची नाही. असली कार्डं दादाच्या कपाटात गठ्ठ्याने होती.

सहा वर्षांपूर्वी धाकट्याच्या पहिल्यांदा लक्षात आलं. दादा दारातून आत येताना त्याचा डावा खांदा चौकटीला आपटला. नवं घर नव्हतं, पंधरा वर्षांचं दार होतं. मग एकदा जेवताना कोपराशी ठेवलेला पाण्याचा पेला त्याने पाडला आणि पोरांवर ओरडला की इथे कोणी ठेवला. मग एक दिवस दोघं सायकलवरून निघाले असताना डावीकडून रस्ता ओलांडणारी म्हातारी दादाला दिसलीच नाही. चाक घासून गेलं. दादा हसला, म्हणाला, "आजी उडी मारतात हल्ली." धाकट्याला हसू आलं नाही. त्याला कळलं होतं की दादाला कडेचं दिसत नाहीये. पण ज्याने आपल्याला वाढवलं, त्याला "तुला दिसत नाही का" असं विचारायचं कसं? दादाने त्या वर्षी सहाशेच्या राइडला नाव दिलेलं. घरात तीच चर्चा, तीच थट्टा. हा मूग गिळून बसला. आज बोलू, उद्या बोलू करत दोन वर्षं गेली.

दोन वर्षांनी दादा लेथवर बोट कापून घेऊन घरी आला, तेव्हा वहिनीने त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ओढत नेलं. हाही बरोबर होता. काचबिंदू. डॉक्टरबाई म्हणाल्या, "गेलेलं परत येत नाही. दोन वर्षं आधी आला असतात, तर पुष्कळ वाचवता आलं असतं." वहिनी रडली. आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेल्या धाकट्याच्या काळजात जे चर्र झालं, ते त्याने कोणालाच सांगितलं नाही. दोन वर्षं. अगदी तेवढीच.

वर्षभरात उरलेली नजरही गेली. कारखान्याने दादाला टेलिफोनवर बसवलं, तिथे त्याच्या बोलण्याचा उपयोग तरी झाला. सायकल मात्र भिंतीला टेकून राहिली.

डॉक्टरकडे गेल्याच्या चौथ्या वर्षी क्लबकडे दोघांनी चालवायची एक लांब सायकल आली. दोन सीट, दोन हँडल, चार पेडलं, आणि पुढची-मागची पेडलं साखळीने एकमेकांना बांधलेली, म्हणजे एकाचे पाय फिरले की दुसऱ्याचे फिरणारच. पुढे डोळस माणूस हवा. क्लबमध्ये तयारीचे चार जण पुढे आले, पण दादाने धाकट्याचं नाव घेतलं.

"मला जमणार नाही," धाकटा म्हणाला. त्याची सायकल म्हणजे घर ते कंपनी, चार किलोमीटर, तेही सपाट.

"तुला सगळं दिसतं. लहानपणापासून बघतोय मी," दादा म्हणाला.

धाकट्याने पुढचं हँडल धरलं.

पहिल्या रविवारीच पंचाईत झाली. पुढे खड्डा आला, धाकट्याने तो पाहिला, हात घट्ट केले आणि नेहमीसारखा गप्प राहिला. मागे दादाची जीभ दातांत सापडली. तो रक्त थुंकला आणि शांतपणे म्हणाला, "पुढच्याने बोलायचं असतं रे. मला इथे काही दिसत नाही. तू गप्प बसलास तर मारशील मला."

बिचारा सायकलबद्दल बोलत होता. ऐकणाऱ्याला मात्र ते जिव्हारी लागलं. त्या दिवसापासून धाकट्याने तोंड उघडलं. "खड्डा." "हं." "डावीकडे वळतोय." "हं." "ब्रेक." "हं." एवढ्यावर दादाचं समाधान होईना. "आणखी काय दिसतंय ते सांग की," म्हणायचा. मग हा सांगायला लागला. पेट्रोल पंप आलाय, बंद आहे. एक बाई गच्चीवर गोधडी झटकतेय. मैलाचा दगड कोणीतरी निळा रंगवलाय. घरी आला की घसा बसलेला असायचा. बायको म्हणाली, "नशीब माझं, आवाज आला आणि लगेच बसलापण."

नऊ रविवार मिळाले, त्यांतले दोन कामाने खाल्ले. सगळ्यात लांब गेले ते सत्तर किलोमीटर. एवढ्या शिदोरीवर दोघांनी दोनशेच्या राइडला नाव दिलं. साडेतेरा तासांची मुदत होती. क्लब चालवणाऱ्या बाईंनी आधी शंभरची करा म्हणून समजावून पाहिलं, पण दादा ऐकेल तर शपथ. "चार वर्षं भिंतीकडे तोंड करून बसलोय. आता शंभर कसले मोजताय?"

सकाळी सहाला निघाले. पन्नासचा शिक्का सहज मिळाला. शंभरला पोचेपर्यंत धाकट्याच्या मांड्या भरून आल्या, तळहात सुन्न झाले. एकशेवीसला पोटरीत असा गोळा आला की रस्त्याच्या कडेला आडवा झाला, आणि आंधळ्या दादाने चाचपडत त्याचा पाय धरून ताणून दिला. दीडशेच्या टेबलावर मुदतीला वीस मिनिटं उरली होती. केळी, मीठ लावलेले बटाटे, पाणी. लगेच निघाले. आता पन्नासच राहिले होते, फक्त मध्ये एक लांब चढ होता.

चढाच्या पायथ्याशी रस्ता रिकामा होता. धाकटा सांगत होता, उजवीकडे शेताला आग लावून साफ केलंय, काळं पडलंय, मध्येच एक झाड हिरवं राहिलंय. दादा मागून हसला. खूश होता तो, चार वर्षांत नव्हता इतका.

"एवढं बोलता येत होतं, तर इतकी वर्षं कुठे ठेवलं होतंस रे?"

थट्टाच होती. पण दिवसभर बोलून बोलून धाकट्याच्या तोंडाचं कुलूप मोडलं होतं, आणि आता आतलं जे होतं ते अडेना. त्याने मागे वळून पाहिलं नाही. रस्त्याकडे बघतच म्हणाला, "दादा, मला आधी दिसलं होतं."

"काय?"

"तुला कडेचं दिसत नव्हतं ते. दार. पेला. ती म्हातारी. डॉक्टरकडे गेलो त्याच्या दोन वर्षं आधी. मी बोललो नाही."

मागून "हं" आला नाही.

काही क्षण पेडलं पूर्वीसारखीच फिरली. मग धाकट्याच्या पायांवर अचानक ओझं आलं. दादाने पाय सोडले होते. पेडलांवर होते ते, साखळी फिरवेल तसे फिरत होते, पण त्यांत जीव नव्हता. आता दोन माणसं आणि ती लांबलचक सायकल, सगळं एकट्याने ओढायचं होतं. धाकट्याने तक्रार केली नाही. आपल्याला हेच मिळायला हवं असं त्याला वाटत होतं. "खड्डा," तो म्हणाला. उत्तर नाही. "वळण." उत्तर नाही. तरी तो सांगत राहिला.

दीड किलोमीटरवर त्याचे पाय संपले. "उतरतोय," म्हणाला आणि उतरला. दादाही उतरला. एरवी चालताना दादाचा हात ह्याच्या खांद्यावर असायचा. आज त्याने मागची सीट धरली. धाकटा हँडल धरून सायकल ढकलत होता, दादा सीटमागून चालत होता, आणि साडेचार किलोमीटर दोघांत फक्त चाकाचा आवाज होता. बाकीचे सायकलवाले केव्हाच पुढे गेले होते. धाकट्याच्या मनात एकदा आलं की बोललो नसतो तर बरं झालं असतं, हात दाखवून अवलक्षण. पण ते खोटं होतं, आणि हे त्यालाही माहीत होतं. सहा वर्षांत पहिल्यांदा त्याला पुरता श्वास घेता येत होता, आणि त्याचीच लाज वाटत होती.

चढ संपला तिथे कठड्यावर बसले. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. तेवीस किलोमीटर उरले होते.

"मला राग आलाय," दादा म्हणाला. "उद्याही असेल. जाईल का ते सांगता येत नाही."

"हो."

"मी तुला वाढवलं, आणि तू मला एवढंसं सांगितलं नाहीस."

"नाही सांगितलं."

दादाने पाण्याची बाटली चाचपली, प्यायला, उरलेलं पाणी ह्याच्याकडे सरकवलं. मग विचारलं, "तुझे डोळे तपासलेस?"

धाकटा बाटलीचं झाकण फिरवत राहिला.

"डॉक्टरबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, सख्ख्या भावंडांना असू शकतं, बघून घ्या. वहिनीने तुला सांगितलं होतं की नाही?"

"सांगितलं होतं."

"मग चार वर्षं काय केलंस?"

आता लपवायला काही उरलंच नव्हतं. "आलं तर येऊ दे म्हटलं. फिट्टंफाट होईल."

दादाचा हात उठला. धाकट्याला वाटलं आता बसते कानाखाली, आणि त्याने चेहरा हलवला नाही. पण हात चाचपडत आला, त्याची कॉलर सापडली तेव्हा ती मुठीत धरली आणि दादाने त्याला गदागदा हलवलं. "गाढवा," तो म्हणाला. आवाज फुटला त्याचा. "माझं गेलं ते गेलं. मी काय तुझे मागितले होते? मंगळवारी चल. मी नेतो तुला." मग उभा राहिला आणि सायकल चाचपायला लागला. "ऊठ. मुदत चाललीय."

उतारावर दादाच्या पायांत जोर आला. रागाचा होता की कशाचा, धाकट्याने विचारलं नाही. सात वाजून बावीस मिनिटांनी शेवटचा शिक्का पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, वहिनीने दोघांना धरून रडून घेतलं. दादा तिला म्हणाला, "तुझा दीर फार बोलतो," आणि त्यापलीकडे काही सांगितलं नाही.

मंगळवारी दादाने खरंच नेलं. म्हणजे रस्ता धाकट्याने दाखवला, पण नंबर दादाने लावला, नाव दादाने सांगितलं. त्याच खोलीत आज धाकटा खुर्चीवर आणि दादा कोपऱ्यातल्या स्टुलावर. डोळ्यांचा दाब मोजून झाला. मग एका पेटीत तोंड घालून, ठिपका दिसला की बटण दाबायचं, ते झालं. डॉक्टरबाई कागद घेऊन आल्या.

"उजवा ठीक आहे. डाव्याला सुरुवात आहे, अगदी कडेला. रोज न चुकता थेंब घातले तर इथेच थांबवता येईल. बरं झालं, वेळेवर आलात."

धाकट्याला दादाकडे बघवेना. हेच चार शब्द ह्याच खोलीत चार वर्षांपूर्वी दादाला मिळायला हवे होते.

"त्रास काही होत होता?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग आलात कसे? त्रास नसताना आपणहून कोणी येत नाही."

धाकट्याने तोंड उघडलं. त्याचे खांदे हलायला लागले आणि तो डॉक्टरबाईंच्या समोर, पोरासारखा, तोंड झाकून रडायला लागला.

"मी आणलाय त्याला," कोपऱ्यातून दादा म्हणाला. "चिठ्ठी त्याच्याच हातात द्या. त्याला वाचता येतं."