वरच्या काकांची चिंधी

आमच्या नेरूळच्या सोसायटीत सुरक्षित जगणारा माणूस एकच, वरच्या मजल्यावरचे काका. बाकी आम्ही सगळे अजून जिवंत होतो हा, त्यांच्या मते, निव्वळ योगायोग. काका फवारणीच्या विमानाचे पायलट. पायलट म्हटल्यावर आम्ही टाय, टोपी आणि हवाईसुंदऱ्या डोळ्यांपुढे आणल्या होत्या; हे मात्र हंगामात विदर्भात जाऊन कपाशीच्या डोक्यावरून जेमतेम पुरुषभर उंचीनं विमान हाकत आणि गळ्यातल्या पिवळ्या रुमालाला औषधाचा वास लावून परत येत. "वर काही धोका नसतो हो, वर रिकामं असतं. मरण सगळं खाली, तारांच्या उंचीवर," असं ते बशीतला चहा फुंकत सांगायचे.

तार विमानातून दिसत नाही, म्हणून खांब शोधायचे; आणि खाली येण्याआधी शेतावरून एक फेरी मारायची, शेत कालचंच असलं तरी. हा नियम त्यांनी अख्ख्या आयुष्याला लावला होता. गच्चीवर शतपावलीला आले तरी आधी कठड्याकठड्यानं फेरी. एकदा वाशीला लग्नाला गेले, तर स्कूटरवरून कार्यालयाभोवती फेरी, मागे पैठणी नेसलेल्या काकू तोंडावर पदर घेऊन. आत पोचेपर्यंत अक्षता पडून लोक पंगतीला बसले होते. काकू फणफणल्या तेव्हा हे शांतपणे म्हणाले, "धड पोचलो ना?"

मग घरोघरी केबल टीव्ही आला आणि बिल्डिंगी-बिल्डिंगींमध्ये तारांचं जाळं झालं. काकांची झोप उडाली. त्यांनी काकूंची लाल साडी फाडून दिसेल त्या तारेला चिंध्या बांधल्या. सोसायटीत जत्रा भरल्यासारखं दिसायला लागलं. करावे गावचा केबलवाला वैतागून म्हणाला, "काका, तार हाय ती, साप नाय."

"साप निदान फणा तरी काढतो रे," काका म्हणाले.

त्या वर्षी साठीला टेकले तरी काकांची हंगामाची बॅग भरून तयार. काकूंनी मला जिन्यात गाठलं. "तुमचं ऐकतात ते. सांगा ना, आता पुरे म्हणावं. हे तिकडे असले की फोन वाजला तरी माझा हात उचलत नाही."

मी संध्याकाळी काकांना गच्चीच्या दारातच धरलं आणि बोलत बोलत बाहेर निघालो. "माझे डोळे ठणठणीत आहेत," माझ्याकडे मान वळवून ते ठणकावत होते, तेवढ्यात पाण्याच्या टाकीजवळ त्यांची टोपी उडाली. केबलवाल्यानं दुपारीच नवी तार ओढली होती, बरोबर कपाळाच्या उंचीवर. मला हसू आवरेना. काका हसले नाहीत. भुवईवर लाल वळ उठला होता. चार पावलं मागे जाऊन त्यांनी तारेकडे पाहिलं, मग ती ज्याला बांधली होती त्या पाइपाकडे पाहिलं.

"खांब तर समोरच होता," ते म्हणाले. "गच्ची आपलीच म्हणून आज फेरी मारली नाही मी."

मी त्यांची टोपी उचलून दिली. खाली येऊन ते काकूंना एवढंच म्हणाले, "बॅग रिकामी कर." काकूंनी हळद आणली, वळावर लावली आणि मग आत जाऊन बराच वेळ नळ सोडून रडल्या.

दुसऱ्या दिवशी टाकीजवळच्या तारेवर चिंधी होती, पण लाल नाही, पिवळी, औषधाच्या वासाची. फवारणीचा हंगाम सुरू झाला तेव्हा काका रोजच्यासारखे गच्चीवर आले, कठड्यानं फेरी मारली आणि त्या चिंधीखाली उभे राहून वर बघत राहिले, तारांच्याही वर, जिथं सगळं रिकामं होतं.