कुरण जाळलं कुणी

"मास्तर, गाडी काढा. बघून तर येऊ की."

रविवारी सकाळी जिन्याखालून ही हाक आली की माझा रविवार गेलाच म्हणून समजायचं. हाक मला असली तरी अण्णांना हवी असायची माझी राजदूत मोटारसायकल.

अण्णा माझे घरमालक. सोलापुरात त्यांचं चादरींचं दुकान होतं. घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी आणि चिडले की दोन्ही एकदम. पण त्यांचा जीव गुंतला होता तो बार्शी रस्त्याच्या एका सरकारी कुरणात. तुम्ही पाहिलं असतंत तर म्हणाला असतात, यात बघण्यासारखं काय आहे? नुसता गवताचा माळ. पण थंडीत ते गवत तांबूस होऊन वाऱ्यावर लोळायला लागायचं, मधूनच काळविटांची शिंगं वर यायची, आणि एरवी अखंड बोलणारे अण्णा टोपी हातात घेऊन गप्प उभे राहायचे.

एका पौषात ते कुरण जळालं.

आम्ही गेलो तेव्हा सगळा माळ काळा पडला होता. अण्णा राखेतून चालत सुटले. धोतराचा काठ काळा झाला, तरी थांबेनात. ओढ्याजवळ एका धनगर कुटुंबाचा तळ होता. म्हातारी, तिचा मुलगा, सून आणि मेंढरं. दरवर्षी ती माणसं तिथंच उतरायची. नवे कोंब लवकर फुटावेत म्हणून मेंढपाळ जुनं गवत पेटवतात, असं अण्णांनी कुठंतरी ऐकलेलं होतं. तेवढं त्यांना पुरलं. त्यांनी म्हातारीला नाही नाही ते सुनावलं.

"सावकार, आमच्या मेंढरांचं खाणं हाय ते," म्हातारी म्हणाली. "आमी कशाला जाळू?"

अण्णांनी ऐकून घेतलं नाही. दुसऱ्याच दिवशी सरकारी कचेरीत जाऊन तक्रार केली. मोरीचं पाणी तुंबल्याची त्यांची एक तक्रार नगरपालिकेत कित्येक वर्षं पडून होती, पण ही मात्र झपाट्यानं हलली. कुरणाभोवती तारेचं कुंपण आलं. चराई बंद झाली. ओढ्याजवळचा तळ उठला.

मग आमचे रविवार तारेबाहेर उभं राहण्यात जाऊ लागले. काळ्या ठोंबांतून हिरव्या सुया वर आल्या. चंडोल परतले. पावसाळा सरेपर्यंत गवत कमरेला लागलं, आणि शहरातली माणसं डबे घेऊन ते बघायला यायला लागली. अण्णा चादर दाखवता दाखवता गिऱ्हाइकाला कुरणाची खुशाली सांगायचे.

दिवाळीत त्यांचे जावई आले. मीही पंगतीला होतो. बोलता बोलता जावईबापूंनी हसत सांगितलं, की गेल्या पौषात मित्रांना घेऊन ते कुरणाच्या कडेच्या शेतात हुरडा खायला गेले होते. आगटी न विझवताच सगळे उठले, वारा सुटला आणि गवतानं पेट घेतला. मग काय, जीपमध्ये बसून पळाले.

अण्णांचा घास हातातच राहिला. "पळालात?" त्यांनी एवढंच विचारलं आणि ते ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवसापासून कचेरीच्या फेऱ्या सुरू झाल्या. तक्रार चुकीची होती, त्या लोकांना परत येऊ द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. कारकून साहेबांकडे पाठवायचा, आणि साहेब दौऱ्यावर असायचे. एकदाचे भेटले, तेव्हा त्यांनी चहा मागवला आणि गवताचं कौतुक केलं. तुमच्यासारखे जागरूक नागरिक हवेत, असंही म्हणाले. अण्णांनी आग लावणाऱ्याचं, म्हणजे स्वतःच्या जावयाचं नाव सांगितलं. साहेब हसले.

"अहो, चुकून झालं असेल. घरातली गोष्ट कशाला बाहेर काढता?"

"मग त्यांना का हाकललं?" अण्णा म्हणाले. "त्यांचं तर चुकूनसुद्धा झालं न्हवतं."

साहेबांनी पुढची फाईल ओढली.

ही गोष्ट गावभर झाली. जावई चिडले, मुलगी माहेरी येईनाशी झाली. अण्णांच्या बायकोनं कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं. खरं सांगतो, मीही कंटाळलो होतो. पण हाक आली की गाडी काढत होतो.

विचारत विचारत शेवटी वैरागच्या पलीकडे ती माणसं सापडली. मेंढरं पार रोडावली होती. बरीचशी विकावी लागली, असं मुलानं सांगितलं. अण्णांनी म्हातारीपुढं हात जोडले. आमच्याच घरच्या माणसाकडून आग लागली, मी तुमच्यावर आळ घेतला, असं सरळ सांगितलं. म्हातारीनं सगळं ऐकलं.

"आता कुरणात शिरू देत्यात का?"

"न्हाय अजून."

"मग कशाला आलाय?"

तिनं आम्हाला तांब्याभर पाणी दिलं आणि ती आपल्या कामाला लागली.

परत येताना कुरणाशी आल्यावर अण्णांनी खांद्यावर थाप मारून मला थांबवलं. उतरले आणि कुंपणाचा एक खांब दोन्ही हातांनी हलवायला लागले. मी ओढत होतो, ते मला झटकत होते. तार तळहातात घुसली तेव्हा कुठं थांबले. खांब जरासा कलला होता, एवढंच.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात अण्णा गेले. पुढं मी सोलापूर सोडलं. त्यांची आठवण निघाली की मला ती दुपारच दिसते. त्यांना खाली बसवून मी रुमालानं त्यांचा हात बांधत होतो. आत गवत डुलत होतं, पण त्यांचं तिकडं लक्ष नव्हतं. रस्त्यानं एक कळप येत होता. कुणी अनोळखी मेंढपाळ होता. अण्णा धडपडत उठले आणि त्याला थांबवायला त्यांनी तो रुमाल बांधलेला हात वर केला. त्याला दिसली ती कुंपणाशी हात वर करून हाकलणारी दोन शहरी माणसं. त्यानं मेंढरांवर काठी उगारली आणि ती पळवतच पुढं नेली.

धूळ खाली बसली तरी अण्णांचा हात वरच होता.