चालत्या एसटीचं पान

पानठेल्यावरचे किस्से कोणी जमवत नाही. चुन्याच्या डबीच्या काठाले चुना साचते ना, तसे ते आपोआप साचतेत. अन् मंग खरवडले तरी निघत नाही.

तर नेरच्या बसस्टँडाच्या वळणावर एक ठेला. ठेल्याचा एक बुढा, बुढ्याची मी बुढी, आमचा एक लेक विलास अन् विलासची बायको सुनंदा. एवढंच आमचं राज्य!

या राज्याचा एक रिवाज होता. दुपारची अमरावतीची एसटी वळणावर हळू होये, पण थांबत नसे. ड्रायव्हर काशीरामभाऊ खिडकीतून हात काढे अन् विलास बाजूनं धावत जाऊन त्याच्या हातात पान देये. आधी बुढा धावे. त्याचे गुडघे गेले, मंग विलास धावू लागला. काशीरामभाऊ म्हणे, "थांबून घेतलेलं पान मले गोडच नाही लागत!"

*

मंग ती ई-सिगारेट आली. पेनासारखी, गुलाबी रंगाची. विलासनं नागपूरहून आणली.

बुढ्यानं उलटीपालटी करून पाह्यली. "यात आग कुठी हाय बे?"

"आगच नाही बाबा! नुसती वाफ. तब्येतीले काहीच होत नाही."

"मंग लोक कायले घेतीन?"

पण घेत होते. कॉलेजातले पोट्टे गर्दी करत. गिऱ्हाइकाले ओढून दाखवता दाखवता विलास सोताच ओढू लागला.

*

सरकारनं बंदी आणली. विकायची नाही, साठवायची नाही. सुनंदा म्हणाली, "फेकून द्या." विलास म्हणाला, "येडी हायेस का? आता तर भाव वाढला!" अन् सगळे पेन त्यानं पानाच्या टोपलीत, ओल्या फडक्याखाली दडवले.

पोलीस आले. साहेबांनी सारा ठेला उचकला. काहीच भेटलं नाही. जाता जाता म्हणाले, "एक मिठा पान लावा."

बुढ्यानं लावलं. साहेब खूश! "वा! आंब्याचा स्वाद आहे!"

विलासचं तोंड पांढरं पडलं. पेनातला आंब्याच्या वासाचा तंबाखूचा रस गळून पानाले लागला होता. घडीभरात साहेब डोकं धरून बाकावर बसले, अन् मंग ओकले. तोंड पुसून म्हणाले, "ती टोपली दाखवा."

ठाण्यात पंचनामा लिहिता लिहिता जमादारानं सिगारेट पेटवली. बुढ्यानं इचारलं, "साहेब, हिले बंदी नाही काय?"

"ही कायद्यातली आहे!"

*

केस लागली. गावात बोभाटा झाला की यांच्या पानात औषध असते. विडे सुकू लागले. बुढा दिवसभर माश्या हाकले.

अन् विलासजवळ एक पेन राह्यलाच होता. खोकला सुरू झाला. एक दिवस एसटीमांगं धावता धावता तो मधातच रस्त्यावर बसला. पान त्याच्याच हातात. काशीरामभाऊचा रिकामा हात लांबपर्यंत खिडकीबाहेर दिसत होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं हात काढलाच नाही.

*

यवतमाळच्या डॉक्टरीणबाईनं इचारलं, "काय ओढता?"

"ओढत नाही मॅडम. वाफ घेतो."

"कोणत्या सर्दीची?"

विलासले खोकला आला. बाई म्हणाल्या, "सोडलंत तर दम परत येईल. कितपत, ते मी नाही सांगू शकत."

नेरले उतरल्या उतरल्या सुनंदानं त्याच्या खिशातून पेन काढला, थेट ठाण्यात गेली अन् जमादाराच्या टेबलावर ठेवला. "तुमचा एक राह्यला होता."

*

लय दिवस ठेल्यावर कोणी एसटीचं नाव काढलं नाही. विलास सकाळी नदीपर्यंत चालत जाये. आधी अर्ध्यातून परत येये, मंग पुरा जाऊ लागला.

परवा दुपारी एसटीचा हॉर्न वाजला. बुढ्यानं पान लावलं अन् विलासपुढं धरलं. सुनंदा उभी राह्यली. माह्या हातातला अडकित्ता तसाच राह्यला.

विलास धावला. काशीरामभाऊनं पाह्यलं, खिडकीतून हात काढला. पान पोचलं!

आम्ही श्वास सोडतो न सोडतो, तर वळणावरून काशीरामभाऊचा आवाज आला, "अबे विलास, सुपारी राह्यली!"

विलास हासत परत आला, मूठभर सुपारी घेतली अन् पुन्हा धावला. पार नाक्यापर्यंत!

बुढ्यानं डोळे पुसले अन् मले हळूच म्हणे, "विलासची माय, सुपारी मीच मुद्दाम टाकली नव्हती."