तिन्हीसांजेचा तगादा

मशीन आमच्या घरात होतं, पण आमचं नव्हतं. परभणीच्या एका शेटनं ते हप्त्यावर दिलेलं. दर महिन्याला त्याचा माणूस गाडीनं पूर्णेला आमच्याकडं यायचा आणि हप्ता घेऊन जायचा. लागोपाठ तीन हप्ते चुकले तर मशीन उचलून नेणार, आणि तोवर भरलेला पैसाही बुडाला, असं ठरलेलं होतं. शिवाय मशीनवरचं लाकडी झाकण शेटनं स्वतःकडंच ठेवून घेतलं होतं. शेवटचा हप्ता फिटला की ते मिळणार. तोवर मी मशीन माझ्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यानं झाकत असे. वाऱ्यानं तो तुकडा उडाला की मला वाटायचं, आलं कुणीतरी उचलायला.

निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील. बाजारात अजून दोन्ही नाणी चालायची. गिऱ्हाईक हाली रुपया द्यायचं, म्हणजे जुन्या राज्याचा. शेटला मात्र कलदारच लागायचा, म्हणजे हिंदुस्थानचा रुपया, आणि हालीचा कलदार करताना बट्टा जायचा, रुपयामागं काही आणे कमीच हातात यायचे. शिलाईतून आधीच काय उरायचं ते दोऱ्याला ठाऊक.

मशीन खरं यांच्यासाठी घेतलेलं. हे टेलर मास्तर. पण मशीन आलं आणि वर्षभरात यांना मुदतीचा ताप आला. ताप गेला, पण उजव्या पायातली ताकद घेऊन गेला. मग हे बेतायचे, कातरायचे, गिऱ्हाइकाशी बोलायचे, आणि मशीनवर मी बसायची. मला ते बरंही वाटलं. मशीनकडं तोंड केलं की माणसांकडं पाठ होते. चौथीपर्यंत शाळेत गेले तेव्हाही येत असलेलं उत्तर मी गुरुजींना कधी मोठ्यानं दिलं नव्हतं.

यांचं उलट. ओसरीवर बसले की रस्त्यानं जाणारा कुत्रासुद्धा थांबायचा. आमची गिऱ्हाइकं बहुतेक रेल्वेच्या कोठ्यांमधली, म्हणजे नोकरांच्या क्वार्टरांमधली. कुणी आलं, कपडा दाखवला आणि जरा घुटमळलं, की हे आधीच म्हणायचे, "पैशाचं काय घेऊन बसलात? द्या की सवडीनं. आमी कुठं पळून चाललोत?"

मी आतून मशीन थांबवायची. तेवढंच माझं बोलणं. यांना ते कळायचं, पण गिऱ्हाइकासमोर कळलं नाही असं दाखवायचे.

रस्त्यापलीकडच्या कोठीत इंजिनात कोळसा टाकणाऱ्या एका फायरमनचं बिऱ्हाड होतं. त्याची बायको, तिला मी वैनी म्हणायची, मोठ्या आवाजाची आणि मोठ्या मनाची. हे तापानं पडलेले तेव्हा तिनं महिनाभर ताक पाठवलेलं. तिच्या लेकीचं लग्न ठरलं आणि सगळ्या घरादाराची शिवण आमच्याकडं आली. पोलकी, परकर, नवरदेवाचं खमीस, मुलांचे लेंगे. यांनी सांगून टाकलं, चार हप्त्यांत द्या, पगार होईल तसे. वैनीनं पहिला हप्ता लगेच दिला. कपडे तर लग्नाच्या आधी सगळेच न्यावे लागणार होते. ती गठ्ठा बांधून घेऊन गेली. लग्न झालं, लेक सासरी गेली, आणि पुढचा पगार येऊन गेला तरी हप्ता आला नाही.

शेटचा माणूस मात्र आला. आम्ही रिकामे. दुसऱ्या महिन्यालाही रिकामे.

तेव्हापासून माझं कशात मन लागेना. भाकरी थापताना डावा पाय आपोआप हलायचा, मशीनवर असल्यासारखा. झोपेतही हलायचा म्हणे. हे म्हणायचे, "अगं, आता मला शिवतेस की काय?"

मी म्हटलं, "मी जाऊन मागून येते."

"तू?" यांना हसू आलं. "तू तर पाणक्याला पाणी मागत न्हाईस."

मी गेलेच. पण दिवसा रस्त्यानं जायची लाज वाटे, म्हणून घरचं आवरून, पदर घेऊन, जरा अंधारून आलं की जायची. वैनीच्या कोठीत तेव्हाच कंदील पेटायचा. ती मला बसवायची, हळदकुंकू लावायची, चहा टाकायची. मी कपाकडं बघत म्हणायची, "वैनी, ते जरा शिलाईचं..."

"अगं बया, तिन्हीसांजेला लक्ष्मी घराबाहेर काढतेत का? घरधनी इंजनावर, मी दिव्याच्या टायमाला पैका दिला आन् काय झालं तर?"

आणि मला ते पटायचं! माझ्या आईनंही दिवेलागणीला कधी मीठ, सुई, दही शेजारी दिलं नव्हतं. मी स्वतः त्या वेळी कुणाला सुई देत नसे. मग पैसे कसे मागू? मी उठून यायची. पुन्हा गेले ती त्याच वेळी, कारण माझ्या लाजेला तीच वेळ सोयीची होती. तिसऱ्यांदा गेले तेव्हा वैनीच म्हणाली, "तू येतेसच अशी की मला देता येऊ नये. उद्या सकाळी देते, जा."

सकाळी मी गेले नाही. ती येईल म्हणून बसले. ती आली नाही. आता चौथ्यांदा जायचं तोंडच राहिलं नाही.

त्याच दिवसांत बाजारादिवशी एक धनगराची बाई यायची. मेंढरं घेऊन त्यांचा मुक्काम नदीकडं पडला होता. तिनं खण आणून दिला, चोळी शिवायला. शिवून झाली, मी पुढं केली, तर तिनं हातही लावला नाही. कनवटीची चिल्लर काढून माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाली, "हे आजचं. बाकीचं बाजाराच्या बाजाराला देते. चोळी तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे."

मी म्हटलं, "न्या हो, मी काही म्हणते का?"

"तू न्हाई म्हणत, पर मी वळखते मला. एकदा अंगात घातली की पैका द्यायला हात उचलायचा न्हाई. हितं टांगलेली दिसली म्हंजी जीव वडतो. मंग येते बघ पळत."

दर बाजाराला ती यायची, चोळी एकदा चाचपून बघायची, जशी मेंढीची लोकर चाचपावी, आणि चिल्लर ठेवून जायची. मी हसायची. त्यातलं काही माझ्यासाठी आहे हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

शेटचा माणूस तिसऱ्यांदा यायला दोन दिवस होते. नळावर बायका बोलताना ऐकलं, फायरमनची बदली झाली, उद्या सकाळच्या गाडीनं बिऱ्हाड चाललं. माझ्या हातातली घागर भरून वाहायला लागली तरी कळलं नाही. संध्याकाळ होत आली होती. त्यांच्या कोठीतून भांडी बांधल्याचे आवाज येत होते. मी दारापर्यंत गेले आणि कंदील पेटलेला बघून परत फिरले.

सकाळी पदराखाली खण आणि तांदूळ घेऊन स्टेशनवर गेले. जाणाऱ्या बाईची ओटी भरायची म्हणून कोठ्यांमधल्या सगळ्याच बायका आल्या होत्या. वैनी ट्रंकेवर बसलेली, डोळे पुसत, मधेच हसत. एकेक बाई ओटी भरत होती. माझी पाळी आली. मी खण तिच्या ओटीत घातला, तांदूळ घातले, आणि खाली बघूनच म्हटलं, "वैनी, माझ्या शिलाईचे राहिलेत."

मला वाटत होतं मी हळूच बोलले. पण इतकी वर्षं न वापरलेला आवाज कसा निघेल याचा मला अंदाज नव्हता. सगळा प्लॅटफॉर्म माझ्याकडं बघायला लागला. हमालसुद्धा.

वैनीचं तोंड उघडंच राहिलं. "अगं, दिले की. त्याच दिशी, सकाळी. तुला म्हणलं न्हवतं का, सकाळी देते? तुझ्याकडंच निघाले व्हते. पानाच्या दुकानापाशी मास्तर दिसले, त्यांच्या हातात तिन्ही हप्ते ठेवले. लेकीच्या सासरकडनं अहेराचे आलेले, म्हणलं मोकळं व्हावं. त्यांनी सांगितलं न्हाई?"

मागं एक बाई दुसरीला म्हणाली, "ओटी भराय आली का वसुलीला?" दोघी हसल्या.

वैनीनं त्यांच्याकडं डोळे वटारले. मला तर गाडीखाली जावंसं वाटलं. पण तिनं माझा हात सोडला नाही. "माझ्यावर रागवून इतके दिस गप्प बसलीस व्हय? दिवसाढवळ्या एकदा इचारलं असतंस तर?" मग गाडी आली, सामान चढलं, पोरं चढली. ती खिडकीतून काहीतरी ओरडली. इंजिनाच्या आवाजात ते मला ऐकू आलं नाही. अजूनही मी कधी कधी त्या ओठांवरून ओळखायचा प्रयत्न करते.

घरी आले तर हे ओसरीवर पांढऱ्या खडूनं कापड आखत होते.

मी विचारलं, "वैनीनं पैसे दिले होते?"

खडू थांबला. "दिले व्हते."

"मग?"

"स्टेशनवरच्या त्या हमालाची आई वारली ना. त्याच्यापाशी तिचे दिवस घालायला काही न्हवतं. रडायला लागला माझ्यापुढं. देतो म्हणलाय, थोडं थोडं करून."

म्हणजे मशीनचा हप्ता यांनी दुसऱ्याला हप्त्यावर दिला होता. मला राग यायला हवा होता. पण त्या हमालाच्या आईला मी ओळखत होते, आणि हे त्याला नाही म्हणाले असते तर तेही मला आवडलं नसतं. मला राग आला तो वेगळाच. मी त्या बाईच्या दारात तीन तिन्हीसांजा काढल्या, स्टेशनवर उघडी पडले, आणि हे इथं खडू ओढत बसलेले.

"माणसं तुम्ही बोलवा," मी म्हटलं. "भाव तुम्ही ठरवा. पण पैसा माझ्या हातात. कुणी रस्त्यात दिला तर म्हणा, घरी द्या. आणि कुणाला द्यायचा झाला तर मला विचारून द्या. मी नाही म्हणणार नाही, पण विचारा."

"गिऱ्हाइकापुढं म्हणू व्हय, बायकोला इचारतो?"

"म्हणा, मशीनला विचारतो."

यांना हसू आलं. मला आलं नाही. कापडावर पुढची रेघ ओढत हे म्हणाले, "बरं."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं शेटचा माणूस आला. एरवी तो आला की मी आतल्या दाराआड उभी राहत असे. त्या दिवशी उठलेच नाही, मशीनवर बसून राहिले. बसलेल्या बाईसकट मशीन उचलणार नाहीत, इतका साधा विचार होता.

"काय मास्तर, आज तर न्यावंच लागंल," तो म्हणाला.

हे काहीतरी सारवासारव करायला लागले. मी पायाची गती थांबवली. "भाऊ, एका हप्त्यातले थोडे आहेत. बाकीचे रेल्वेचा पगार झाला की."

त्यानं आवाज कुठून आला ते आधी शोधलं. "बाई, शेटला काय सांगू?"

"तुम्ही महिना संपता संपता येता. तेव्हा पूर्णेत कुणाच्याच घरी पैसा नसतो. पगारानंतर या. आमच्या गिऱ्हाइकांकडून आम्हाला आलं की आमच्याकडून तुम्हाला. तुमचीही फेरी वाया जायची नाही."

"आन् पगारानंतर न्हाई मिळालं तर?"

"तर न्या."

तो शब्द माझ्याच तोंडून आला. त्यानं मशीनकडं बघितलं, लोखंडी पाय बघितले, मग बाहेरचं ऊन बघितलं. "स्टेशनपर्यंत हे न्यायचं म्हणजे दोन हमाल. त्यांची मजुरी शेट देत न्हाई मला," तो पुटपुटला. तेव्हा कळलं, त्यालाही मशीन नको होतं. त्यालाही हप्ताच हवा होता. जे होते ते घेऊन तो गेला. बट्ट्यावरून कटकट केलीच.

त्या पगारापर्यंतचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. धनगरीण आली तेव्हा मी तिची चोळी टांगलेल्या खुंटीकडं पहिल्यांदा नीट बघितलं. नंतर आणखी खुंट्या ठोकून घेतल्या. हप्त्यावर शिवायचं, पण निदान दोरा-अस्तराचे पैसे पहिल्या हप्त्यात निघाले पाहिजेत. जेवढा हप्ता तेवढे कपडे न्यायचे, राहिलेले खुंटीवर. लग्नाचं असलं तर हप्ते लग्नाच्या आधी सुरू करायचे, म्हणजे अक्षतांच्या दिवशी सगळी शिवण त्यांच्या घरात आणि कुणाची मान खाली नाही. आधीचं फिटल्याशिवाय नवीन बेतायचं नाही. रेल्वेवाल्यांनी पगाराला द्यायचं, रानातल्यांनी सुगीला, बाजारवाल्यांनी बाजाराला. आणि मी कुणाच्या दारात जाणार नाही, माझ्याकडं यायचं. हे शेवटचं मी केवळ लाजेपोटी ठरवलं, पण तेच सगळ्यांत कामाला आलं. खुंटीवर स्वतःचं पोलकं लटकताना दिसलं की बायका न बोलावता यायच्या. एक-दोन रागावून दुसऱ्या शिंप्याकडं गेल्या. हमालानंही थोडं थोडं करून बरंचसं फेडलं. सगळं नाही.

पगारानंतर शेटचा माणूस आला तेव्हा पैसे तयार होते. मागचे हप्तेही हळूहळू निघाले. तरी प्रत्येक वेळी तो दारात दिसला की माझा पाय थांबायचा.

शेवटचा हप्ता दिला त्याच्या पुढच्या फेरीला त्यानं झाकण आणलं, सुतळीनं बांधून. यांनी मोठ्या हौसेनं ते मशीनवर ठेवलं. ते आमच्या मशीनचं नव्हतं. इतक्या वर्षांत शेटकडं झाकणांची अदलाबदल झाली असणार. एका बाजूनं आखूड पडत होतं.

"बदलून मागू का?" यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, राहू द्या. पुन्हा त्या माणसाची वाट बघणं मला नको होतं.

ते झाकण अजून आहे. नीट बसत नाही. गाडी गेली की जमीन हादरते आणि ते मशीनवर खडखडतं. आता कुणी काही न्यायला येणार नाही हे मला माहीत आहे. तरी खडखडलं की मी आतून बाहेर येऊन बघते.